आत्याचं इंजिन

संध्या आत्या आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा तिच्यासोबत दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि सुतळीनं बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा होता. पुसदहून आलेल्या एसटीतून ती घाटंजीच्या स्टँडवर उतरली आणि बाबांच्या मोटारसायकलवर, कुकर मांडीवर धरून, मागे बसली. 'कायमची' हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता. थोडे दिवस राहील, मग पाहू, असंच सगळे म्हणत होते. पण कुकर पाहिल्यावर कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. आईनं स्वयंपाकघराच्या फळीवर आपल्या कुकरशेजारी त्याला जागा करून दिली आणि तो विषय तिथंच मिटला.

आत्या बाबांची धाकटी बहीण. एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात ती अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. आज अनुदान येईल, उद्या येईल, असं करत तिची वर्षं गेली. लग्नाचं कुणी काढलं की 'अ‍ॅप्रूव्हल येऊ दे, मग पाहू' असं ती म्हणायची, आणि पुढे पुढे कुणी काढेनासं झालं. मग मुलं यवतमाळ-नागपूरच्या क्लासेसना जायला लागली, वर्ग ओस पडले, संस्थेनं सायन्स शाखाच बंद केली. तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती. आज मी त्या वयाच्या कितीतरी पुढे आले आहे, आणि चाळीस-बेचाळीस म्हणजे मला आता अगदी कोवळं वय वाटतं. तेव्हा ती मला म्हातारी वाटली होती, एवढं मात्र खरं.

आमचं घर म्हणजे पुढे कृषी केंद्र आणि मागे राहायच्या खोल्या. दुकानातला खताचा आणि औषधाचा वास घरभर असायचा. बाहेरचा माणूस आला की नाक मुरडायचा, आम्हाला तो कळतही नसे. उन्हाळ्यात दुकानाला काम नसायचं. मृगाच्या आधी बियाण्याची गर्दी सुरू होईपर्यंत बाबा सकाळी दोन तास बसायचे, मग शटर अर्ध्यावर ओढून घरात यायचे. जेवणात बहुतेक ज्वारीची भाकर, चून म्हणजे बेसनाचं पिठलं, कांदा आणि आंब्याची कढी. जेवण झालं की मधल्या खोलीतला कुलर लागायचा. त्याच्या घरघरीत सगळं घाटंजी बुडाल्यासारखं वाटायचं. आई फरशीवर पदर पसरून निजायची, बाबा खाटेवर, आणि उन्हं उतरेपर्यंत घरात कुणी कुणाला हाक मारत नसे.

मी त्या वर्षी घरीच होते. डॉक्टरीच्या प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून पुन्हा एकदा बसायचं ठरलं होतं. माझ्या अभ्यासासाठी नागपूरच्या मावसभावाचा जुना कॉम्प्युटर आणला होता. त्याला नोकरी लागली आणि त्यानं नवा घेतला. त्याच कॉम्प्युटरवर एक खेळ आधीपासून होता. अवकाशातल्या लढाईचा खेळ, पण बाकीच्या खेळांसारखा धडाधड गोळ्या सोडायचा नव्हे. त्यात जहाज आपण स्वतः बनवायचं. इंजिन कोणत्या धातूचं, टाकी केवढी, भिंत किती जाड, सगळं आपण ठरवायचं, आणि खेळ ते खऱ्या भौतिकशास्त्राच्या नियमांनी तपासायचा. चुकलं की लाल अक्षरं यायची: वितळलं, फुटलं, तडकलं. मी दुपारी आवाज बंद करून खेळायचे. माझी जहाजं बहुधा शत्रूपर्यंत पोचतच नसत.

आत्याला माझ्याच खोलीत जागा दिली होती, आणि मला फिजिक्स शिकवायचं काम तिच्याकडे आपोआप आलं होतं. एका दुपारी मी तिला झोपलेली समजत होते आणि ती माझ्या खुर्चीमागे उभी होती.

"काय करून राह्यली वं?"

"अभ्यास."

"अभ्यासात बंदुका असतेत का?"

मी खिडकी बंद करायला गेले, तर तिनं माझा हात धरला. "थांब. हे काय लिहिलं हाय?" तिनं चष्मा आणला. पडद्यावर इंजिनाचं पान उघडं होतं. ती वाकून एकेक ओळ वाचायला लागली, परीक्षेचे पेपर तपासताना वाचायची तशी, ओठ हलवत. "थर्मल कंडक्टिव्हिटी दिली हाय यानं. युरेनियमचा मेल्टिंग पॉइंट दिला हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे खरं हाय का खोटंच काहीतरी आकडे टाकले?"

"मले काय माहीत?"

तिनं भिंतीवरचं बियाणं कंपनीचं कॅलेंडर काढलं, उलटं केलं आणि जमिनीवर बसून गणित करायला लागली. आई उठून चहा टाकायला गेली तोवर ती बसलेलीच होती. शेवटी पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "बरोबर येऊन राह्यलं. थोडा फरक हाय, पण बरोबर हाय." तिचा चेहरा मला आजही आठवतो. आनंद झाल्यासारखा नव्हता. कुणीतरी तिच्याशी बऱ्याच दिवसांनी तिच्या भाषेत बोललं होतं आणि ती जरा सावध झाली होती, असा होता.

दुसऱ्या दुपारपासून खुर्चीवर ती बसायला लागली आणि मी शेजारी स्टुलावर. तिनं मला ते इंजिन पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. आत युरेनियमचा गाभा असतो, तो अतिशय तापतो. त्याच्यातून वायू सोडायचा. वायू तापतो, फुगतो आणि मागच्या तोंडातून जोरात बाहेर पडतो. त्यानं जहाज पुढे जातं. काही जळत नाही, धूर नाही. वायू जितका हलका तितका तो वेगानं सुटतो, म्हणून हायड्रोजन सगळ्यात चांगला. पण हायड्रोजनला टाकी प्रचंड मोठी लागते, आणि मोठं जहाज म्हणजे शत्रूला मोठं लक्ष्य. मिथेन जरा जड, पण टाकी आटोपशीर. मी हायड्रोजनच्या बाजूची, ती मिथेनच्या. यावरून आम्ही भाजी निवडताना भांडायचो आणि आई म्हणायची, "थो गॅस राहू द्या, शेगडीवरची डाळ पाह्यली का कोणी?"

बंदुकांना तिनं हात लावला नाही. "थे तू पाह्य," म्हणाली. मी शस्त्रं, ती इंजिन, अशी वाटणी झाली. तिची काम करायची रीत मला तेव्हा असह्य वाटायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदल किती केला ते बोलून दाखवायचं, मग परिणाम पाहायचा, मग पुन्हा तसंच. मी माउस ओढून दोन गोष्टी एकदम बदलल्या की ती माझ्या बोटांवर पेन्सिल मारायची. एकदा आमचं चांगलंच वाजलं. गाभ्यातून किरणोत्सर्ग निघतो म्हणून तो आणि माणसांचा डबा यांच्यामध्ये एक जड ढाल लावावी लागते. ती पातळ केली तर जहाज हलकं होत होतं आणि माझ्या मते लढाई जिंकता येत होती.

"माणसं आजारी पडतीन," आत्या म्हणाली.

"लढाई होईपर्यंत जगतेत ना. मंग काय?"

"मंग काय म्हंजे? त्या डब्यात माणसं बसली हायेत ना?"

"खोटी हायेत आत्या थे!"

"असू दे खोटी," ती म्हणाली आणि ढाल होती तेवढीच ठेवली. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिला ते कळलं की नाही कोण जाणे.

पण अभ्यासाचं म्हणाल तर, ज्या गोष्टी मी दोन वर्षं पाठ करत होते त्या मला त्या उन्हाळ्यात कळल्या. उष्णता वाहते म्हणजे काय, दाब म्हणजे काय, धातू का तडकतो. हे श्रेय कुणाला द्यायचं यावर मी पुष्कळ विचार केला आहे. खेळाला द्यावं असं मला वाटत नाही, आणि आत्याला दिलेलं तिला आवडलं नसतं.

त्या खेळात एक मोहीम होती, शनीच्या एका चंद्राजवळची. ठरावीक वजनाच्या आत जहाज बांधून शत्रूच्या आधी तिथं पोचायचं आणि मग लढायचं. तिथं आम्ही अडकलो. जोर हवा तर गाभा मोठा हवा, आतला दाब जास्त हवा. दाब वाढवला की इंजिनाची भिंत फुटायची. भिंत जाड केली की दाब सोसायची, पण आतली बाजू लालभडक आणि बाहेरची थंड, त्या फरकानंच ती तडकायची. पातळ करा, फुटते. जाड करा, तडकते. किती दुपारी त्यात गेल्या ते सांगता येणार नाही. आत्या जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसायची. बाबा म्हणायचे, "संध्या, जेव." ती जेवायची आणि पुन्हा थांबायची.

याच सुमारास बाबांनी पांढरकवड्याचं स्थळ काढलं. प्रकाशराव नावाचे गृहस्थ, हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान. बायको वारली होती, मुलगा दहावीत. बाबांचा त्यांच्याशी व्यवहारातला परिचय होता. "मानूस सरळ हाय," एवढंच बाबा म्हणाले. रविवारी सकाळी ते बहिणीला घेऊन येणार असं ठरलं. आईनं आत्याची मोरपंखी साडी इस्त्रीला दिली, पोह्यांसाठी शेंगदाणे निवडून ठेवले, आणि सांबारवड्या करायच्या म्हणून मला शनिवारीच बाजारातून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणायला पाठवलं. पाहुणे मात्र शनिवारीच आले, आणि तेही भर दुपारी. प्रकाशरावांना घाटंजीत कुणाचं तरी काम होतं, एका फेरीत दोन्ही होईल असा त्यांच्या बहिणीनं विचार केला होता.

मी नुकतीच बाजारातून आले होते. खोलीत आत्या कॉम्प्युटरसमोर होती. डोक्याला तेल चोपडलेलं, अंगात धुऊन धुऊन रंग गेलेला गाऊन. मला पाहताच म्हणाली, "राणी, इकडे ये. आपन एकच मोठं इंजिन कायले बनवून राह्यलो?"

"मंग?"

"चार लहान बनवू. नळीची त्रिज्या कमी झाली का भिंतीवरचा ताण कमी होते. तेवढाच दाब, पण भिंत पातळ चालते. पातळ भिंत तडकत नाई." ती स्वतःवरच चिडल्यासारखी बोलत होती. "साबणाचा फुगा अन् थेंब, सरफेस टेन्शनचा धडा, दर वर्षी शिकवला मी. दर वर्षी! अन् आता सुचते."

ती एकेक आकडा भरायला लागली. पहिल्यांदा गाभा लहान केला तर तो तापेचना. मग इंधन जास्त शुद्ध घेतलं. त्याच वेळी बाहेर मोटारसायकल थांबली, बाबांचा दचकलेला आवाज आला, "अरे, या, या," आणि आई धावत खोलीत आली.

"संध्याताई, उठा! पाहुणे आले! साडी नेसा!"

"दोन मिनिटं वहिनी."

"अवं कायचे दोन मिनिटं?"

आईच्या पाठोपाठ पाहुण्यांची बहीण थेट आतच आली. पांढरकवड्याकडच्या बायकांना घर आतून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, असं आई पुढे बरेच दिवस म्हणत असे. त्या बाईंनी आत्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"काय काम करून राह्यली बाई?"

"इंजिन तपासून राह्यली. बसा ना, झालंच," आत्या मान न वळवता म्हणाली.

"कायचं इंजिन?"

"रॉकेटचं. अणुशक्तीवर चालते."

बाईंच्या चेहऱ्यावर एकदम आदर आला. त्यांनी आईला हळूच विचारलं, "सरकारी हाय का?"

आईला पटकन खोटं बोलता येत नसे. "नाई वो," ती म्हणाली, "खेळ हाय थो."

तेवढ्यात दारात प्रकाशराव येऊन उभे राहिले होते. सावळे, जरा सुटलेले, हातात मोटारसायकलची किल्ली. खोलीत परक्या घरच्या बाईपुढे यावं की नाही या विचारात ते उंबऱ्यावरच थांबले. त्यांची नजर पडद्यावर होती.

"थे लाल कायचं हाय?" त्यांनी विचारलं.

"भिंत तडकन असं सांगून राह्यलं," आत्या म्हणाली. कोण विचारतंय याच्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"मंग आता?"

"आता पाह्यतो." तिनं शेवटचा आकडा भरला आणि बटण दाबलं. लाल अक्षरं गेली. एकही उरली नाही. आत्यानं चष्मा काढला, डोळे चोळले, "झालं" म्हणाली, आणि मग वळून बघितलं. दारात एक अनोळखी पुरुष, शेजारी त्याची बहीण, आणि आपण गाऊनवर. तिचा चेहरा कानापर्यंत तापला. ती उठून सरळ न्हाणीघरात गेली.

पोहे झाले, वड्यांशिवायच झाले. बैठकीत आत्या साडी नेसून बसली. बहिणीनं गोत्राचं, नातेवाईकांचं विचारलं, बाबांनी उत्तरं दिली. प्रकाशराव फारसं बोलले नाहीत. चहाचा कप ठेवताना म्हणाले, "तुम्ही फिजिक्स शिकवत होत्या म्हणे."

"हो."

"मी बारावीत फिजिक्समधीच नापास झालतो. दोनदा."

आत्या हसली. तोंडावर हात न धरता, मोठ्यानं हसली. बहिणीनं चमकून पाहिलं. प्रकाशराव पण हसले. मग ते गेले.

दोन-तीन दिवसांत बहिणीचा फोन आला. पसंत होतं. वय झालं असलं तरी बाई घरंदाज आहे, शिकलेली आहे, पोराच्या अभ्यासाला बरी. "थो खेळ मात्र इकडे चालाचा नाई," असं त्या म्हणाल्या. बाबा खूश झाले. आईनं देवापुढे साखर ठेवली. आत्या म्हणाली, "मले विचार करू द्या."

तिनं विचार करायला जो वेळ घेतला तो बाबांना सोसला नाही. एका संध्याकाळी अंगणात आत्या वाळवण गोळा करत होती आणि बाबा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. मी पायरीवर होते. बाबा कधी ओरडत नसत. तेव्हाही ओरडले नाहीत.

"संध्या, तुले पाह्यजे तरी काय? सांग बरं एक डाव."

आत्यानं सूप खाली ठेवलं. "भाऊ, मी इतकी वर्सं पोराईले सांगत आली का अणूत लय शक्ती असते. फळ्यावर चित्रं काढली. गाइडातलं होतं थेच सांगितलं. पण मी सोता कधी एक गोष्ट बनवली नाई. मी बनवली अन् थे चालली, असं कधी झालंच नाई. आता झालं."

"खोटं हाय थे. कॉम्प्युटरमधलं हाय."

"गणित खरं हाय."

बाबांनी ते सूप उचललं. मग घरात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॉम्प्युटर उचलून दुकानात नेला. शिक्षा म्हणून नेला असं ते कबूल करणारे नव्हते; बिलं आता कॉम्प्युटरवरच करावी लागतात, असं त्यांनी आईला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. आत्यानं टेबलावरची धूळ पुसून तिथं माझी पुस्तकं लावली. मी मात्र रडले.

पण बाबांना कॉम्प्युटर येत नव्हता. बियाण्याची गर्दी सुरू झाली तसे ते एका बोटानं अक्षर शोधत बसायचे आणि काउंटरसमोर माणसं खोळंबायची. आठवडी बाजाराच्या दिवशी तर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणीतरी म्हणालं, "साहेब, बिल कराले सून आनता का आता?" लोक हसले. बाबांनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "संध्या! जरा येतं का?"

आत्या आली, पदर खोचला आणि बसली. सूर्य मावळेपर्यंत उठली नाही. त्या दिवसापासून काउंटरची खुर्ची तिची झाली. घाटंजीत तोवर कृषी केंद्राच्या काउंटरवर बाई बसलेली कुणी पाहिली नव्हती, पहिले काही दिवस लोक तिला सोडून बाबांनाच विचारायचे, आणि बाबा मुद्दाम म्हणायचे, "तिले इचारा." कधी म्हणायला लागले ते त्यांनाही आठवत नसावं.

आणि दुपारी शटर अर्ध्यावर आलं की तिथंच, खताच्या थैल्यांमध्ये, मी आणि आत्या उरलेलं काम करायचो. बाबांना ते माहीत होतं. एका दुपारी ते झोपायला घरात गेलेच नाहीत. हिशेबाचं निमित्त करून बाकावर बसून राहिले. आम्ही चार इंजिनांचं जहाज त्या मोहिमेवर सोडलं होतं. शनी पडद्यावर फिकट पिवळा दिसत होता. चारही इंजिनं लागली, टाकीचा काटा उतरत गेला, आणि जहाज शत्रूच्या आधी त्या चंद्राभोवती आलं. लढाई माझी होती. आमच्या जहाजाच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंखांसारख्या पत्र्यांना भोकं पडली, एक टाकी फुटली, पण शत्रूची तिन्ही जहाजं गप्प झाली. शेवटी पाटी आली. आत्यानं आधी खालची ओळ वाचली, आतली माणसं किती उरली ती. सगळी उरली होती.

बाबा बाकावरून म्हणाले, "जिंकलो का?"

"जिंकलो भाऊ," आत्या म्हणाली.

"बरं," म्हणून ते उठले आणि शटर वर करायला गेले.

पांढरकवड्याला अजून उत्तर गेलं नव्हतं. आता लांबवणं बरं दिसत नाही, असं आई म्हणाली, तेव्हा आत्या म्हणाली की बहिणीशी नको, मी त्यांच्याशीच बोलते. रविवारी सकाळी ती मधल्या खोलीत फोन घेऊन बसली. तिच्या फोनचा कानाजवळचा आवाज गेला होता, स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नसे. त्यामुळे तिचं सगळं बोलणं घरभर व्हायचं. बाबा पेपर धरून बसले होते. आई भाकरी थापत होती, ती थांबली.

"मी संध्या बोलतो, घाटंजीहून."

"हो, हो. बोला ना." मागे ट्रकचा हॉर्न ऐकू आला.

"एक विचाराचं होतं. तुमच्याकडे आली तर मले माहा वेळ भेटन का? दिवसातून थोडा. माह्या कामासाठी."

पलीकडे ट्रकचा आवाज मागे पडला, ते दुकानातून बाजूला गेले असावेत. मग प्रकाशराव म्हणाले, "खोटं नाई सांगत मॅडम. नाई भेटणार. वडील अंथरुणाले खिळले हायेत, त्याईचं सगळं करा लागते. पोरगं हाय. दुकानावर मानसं जेवाले असतेत. मी हो म्हनलं असतं, पन आल्यावर तुम्हाले दिसलंच असतं."

"खरं बोलले, बरं केलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. "मंग मी येत नाई."

"बरं."

मला वाटलं त्यांनी फोन ठेवला. पण ते बोलले. "थे तुमचं इंजिन... चाललं का?"

"चाललं."

"चार लहानवालं?"

त्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी पडद्यावरचं सगळं वाचलं होतं, हे तिला तेव्हा कळलं असावं. "हो," ती म्हणाली. "चारही चालले."

"मंग झालं," प्रकाशराव म्हणाले, आणि फोन बंद झाला.

बाबांनी पेपराची घडी केली. "मानूस चांगला होता," ते म्हणाले. त्यात टोचणी नव्हती. आत्या म्हणाली, "हो, चांगलाच हाय," आणि दुकानाची किल्ली घेऊन बाहेर गेली. रविवारी दुकान उघडायचं नव्हतं तरी तिनं उघडलं. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाली.

आत्या शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. बाबांच्या मागे दुकान तिनंच चालवलं. त्या वर्षी मला डॉक्टरीला प्रवेश मिळाला नाहीच. मी बीएस्सीला यवतमाळला गेले आणि पुढे आयुष्यभर फिजिक्सच शिकवलं, पक्क्या नोकरीत. आत्यानं लग्नाला नकार का दिला, असं मला पुढे अनेकांनी विचारलं आणि मी दर वेळी ठामपणे सांगत आले की तिला लग्न करायचंच नव्हतं. मी तिची खोलीतली सोबतीण, मला कळणार नाही तर कुणाला, असं मला वाटायचं.

आई फार म्हातारी झाल्यावर एकदा मी तिच्याजवळ हेच बोलले. आत्या जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आई लसूण सोलत होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती मी लहानपणी गणित चुकले की पाहायची.

"कोनं सांगतलं तुले? तिले थो मानूस आवडला होता."

"कायवरून?"

"अवं, फोनवर बोलाचं होतं," आई म्हणाली, "तरी पावडर लावून, येनी घालून बसली होती थे."